निंबोळी तेल मारूनही जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जात नाही? या चुका टाळा

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पुंजके, आकसलेली पानं आणि न उमलताच गळणाऱ्या कळ्या दिसल्या, की समजा पिठ्या ढेकूण आलाय. निंबोळी तेल फवारूनही तो आठवड्याभरात परत दिसतो आणि आपण तेलाला नावं ठेवतो. बहुतेक वेळा चुकते ती वापरायची पद्धत.

थेट पुंजक्यांवर फवारू नका. या किडीच्या अंगावर मेणचट थर असतो, अंडीही त्या कापसातच लपलेली असतात; औषध वरूनच ओघळून जातं. फार भरलेले शेंडे छाटा आणि पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टमध्ये नको. बाकीच्या फांद्या जुन्या टूथब्रशने घासून पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मगच तेल.

तेल नुसतं पाण्यात ओतलं तर तवंग येतो आणि पानं करपतात. १ लिटर पाण्याला ५ मिली तेल पुरतं. आधी ते १-२ मिली लिक्विड साबणात किंवा थोड्या रिठ्याच्या पाण्यात घोटा, मग कोमट पाणी थोडं थोडं घाला. द्रावण दुधासारखं पांढुरकं दिसलं पाहिजे. कपड्यांची पावडर मात्र नकोच. द्रावण त्याच दिवशी संपवा. फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात तेलातला अ‍ॅझाडिरेक्टिन हा घटक लवकर निकामी होतो. पानांची खालची बाजू आणि फांद्यांचे बेचके विसरू नका.

एका फवारणीत निकालाची अपेक्षा नको. निंबोळी किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवते, त्याला वेळ लागतो. मधल्या काळात अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. म्हणून ७ दिवसांच्या अंतराने ३-४ वेळा फवारा.

मुंग्यांकडे तर फार थोड्यांचं लक्ष जातं! पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात आणि त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेली लावा. भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेली फांदी आधी कापा, नाहीतर मुंग्या तिथून चढतील.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त खटकते. पुंजक्यांत कधी कधी तसलीच पांढरी, झुपकेदार, पण बरीच मोठी आणि चपळ अळी दिसते. ती क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची असते. पिठ्या ढेकूण हेच तिचं खाणं. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. अशी अळी दिसली, तर त्या झाडावरची फवारणी थांबवा आणि तिला तिचं काम करू द्या.