बेळगावात राहून, स्वतःच जलरंग शिकायचे असतील तर

मी रंग शिकलो ते दुकानांच्या पाट्यांवर आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या पडद्यांवर. म्हणून शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्यांदा सांगतो: मोबाईलमधले फोटो राहू देत, किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन बसा. १२०४ सालचं देऊळ, छताला कोरलेलं दगडी कमळ. पाकळ्या मोजू नका. डोळे किलकिले करा; काळोख, मधली सावली आणि उजेड एवढंच उरेल. ते एकाच रंगाच्या तीन छटांत उतरवा. जमेस्तोवर दुसरी ट्यूब उघडायची नाही.

मग राजहंसगडाची वाट धरा. आपल्या तांबड्या मातीला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग पुरतो. त्यात अल्ट्रामरीन निळा थोडाथोडा वाढवत न्या, ओली माती, झाडाचं खोड आणि शेवटी पावसाळी आभाळाचा राखाडी, सगळं त्या दोघांतच सापडतं. काळा रंग घेऊच नका. पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद.

कागदावर काटकसर नको. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन कागद घ्या, हवं तर चार तुकडे करा. जुलैत रंगाचा थर लवकर वाळत नाही. कागदाला बोटांची मागची बाजू टेकवा, गार लागलं तर थांबा.

कोल्हापूरला जाल तेव्हा आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं जरूर बघा. रंकाळा, कोटितीर्थ, घराजवळचंच पाणी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं.

पाट्या रंगवत असाल तर ती कामं एवढ्यात सोडू नका. चित्र विकताना कागद, माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), फ्रेमचा खर्च आधी धरा, मग आपली मजुरी. ओळखीच्यांनाही तोच भाव.