एमएसचा थकवा: आधी अंग गार ठेवा
मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. मग अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी संदेश अडखळतात, पाय जड होतात, थकवा वाढतो. अंग निवलं की बहुधा उतारही पडतो.

म्हणून कढत पाण्यानं अंघोळ नको, कोमट बरं. अंघोळ झाल्या झाल्या पोळ्या लाटायला तर उभं राहूच नका. गॅसपाशी उंच स्टूल ठेवा, कणीक बसून मळा, मानेवर ओला पंचा टाका. दमायच्या आधीच दहा मिनिटं आडवं व्हा. घरचे आळशी म्हणाले तर म्हणू देत.

थकवा एकाएकी वाढला तर मात्र सगळं उन्हावर ढकलू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या.