पुरुष संगतीत देवापुढे नम्र होण्याची संध्याकाळ: आखणी आणि अडचणी

चर्चमधल्या पुरुषांच्या बैठकीत (पुरुष संगतीत) नम्रतेवर संदेश, म्हणजे प्रवचन, ठेवला की तो प्रत्येकाला शेजाऱ्यासाठीच आहे असं वाटतं. परुशी प्रार्थनेत स्वतःची फुशारकी मारतो आणि जकातदार फक्त दया मागतो, हा येशूचा दाखला (लूक १८:९-१४) ऐकून 'बरं झालं, मी त्या परुश्यासारखा नाही' असं म्हणत घरी जाणारे पुरुष प्रत्येक मंडळीत सापडतात. त्यामुळे संदेश दहा मिनिटांत आटपा आणि बैठकीची रचनाच बदला. पुढची आखणी दहा ते पंधरा जणांसाठी, साधारण पावणेदोन तासांची आहे. संख्या जास्त असेल तर दोन गट करा.

खुर्च्या गोलात मांडा. पाळक (पाद्री), पंच (मंडळीचा कारभार पाहणारे), खजिनदार यांच्यासाठी जागा राखून ठेवू नका. नवीन माणसाची ओळख फक्त नावाने करून द्या. हुद्दा, पदवी, कुठल्या कंपनीत, काही नको. सतरंजी घालणं, चहा करणं, कप विसळणं ही कामं त्या दिवशी पंचांची. महिला मंडळ बाहेर चहा गाळतंय आणि आत पुरुष फिलिप्पैकरांसच्या दुसऱ्या अध्यायावर, म्हणजे ख्रिस्ताच्या नम्रतेवर, बोलतायत, असं असेल तर बैठक घेतली नाही तरी चालेल.

प्रार्थना (२० मिनिटं)

एकाने स्तोत्र ५१, म्हणजे पश्चात्तापाचं स्तोत्र, सावकाश वाचावं. एकोणीसच वचनं आहेत, पण घाईने वाचली तर काहीच उरत नाही. नंतर तीन मिनिटं पूर्ण शांतता. ज्यांना गुडघे टेकता येतात त्यांनी टेकावेत. गुडघेदुखीवाल्यांनी खुर्चीत मान खाली घालून बसावं आणि त्याबद्दल माफी मागत बसू नये. मग प्रत्येकाची एक वाक्याची प्रार्थना. जकातदाराची प्रार्थना मराठीत सहा शब्दांची आहे: 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' तेवढी पुरते.

इथे बिघडतं ते असं: प्रार्थना देवाकडून वळून ऐकणाऱ्यांकडे जाते. 'प्रभू, तुला ठाऊक आहे, गेली वीस वर्षं मी या मंडळीत...' ही देवाला दिलेली माहिती असते, आणि ती त्याला आधीच ठाऊक आहे. गैरहजर भावाला प्रार्थनेतून टोमणा मारणं हा त्याचाच दुसरा प्रकार. उपाय साधा आहे. जे सुंदर आणि लांब प्रार्थना करतात त्यांना आदल्या दिवशी एकांतात गाठा आणि 'उद्या फक्त आमेन म्हणा' असं सांगा. चारचौघांत कोणाला थांबवू नका. ते अपमानास्पद असतं, शिवाय थांबवणाऱ्यालाच मोठेपणा मिळतो.

तिघातिघांची कबुली (३० मिनिटं)

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय; त्यानुसार तिघांचे गट करा. भाऊ-भाऊ, बाप-लेक, साहेब आणि त्याच्या हाताखालचा माणूस एका गटात नको. प्रत्येकाला चार मिनिटं. नियम तीन: वाक्य 'मी' ने सुरू व्हावं, गोष्ट गेल्या आठवड्यातली असावी, दुसऱ्या कोणाचं नाव येऊ नये. नाहीतर 'बायको ऐकत नाही म्हणून राग येतो' ही बायकोचीच कबुली होते. 'मी अगदी नालायक पापी' यावरही थांबू देऊ नका. अशा घाऊक वाक्यात खरं पाप लपून राहतं. 'मंगळवारी पगार मागणाऱ्या ड्रायव्हरवर ओरडलो' असं नेमकं यायला हवं. ऐकणाऱ्यांनी सल्ला देऊ नये. एक-दोन वाक्यांची प्रार्थना करावी, एवढंच.

ऐकलेलं बाहेर जाणार नाही हे सुरुवातीलाच सांगा, आणि त्याला अपवाद आहेत हेही त्याच दमात सांगा. लहान मुलावर अत्याचार, घरातली मारहाण, जीव देण्याचा विचार यांपैकी काही कळलं तर गुप्तता लागू नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळीत मिटवू' हा पर्याय तिथे नाही.

पाय धुणं (३० मिनिटं)

हे वर्षातून एकदाच, शक्यतो पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, गुरुवारी. साहित्य: दोन बादल्या कोमट पाणी, दोन तांबे, दोन पराती, वापरलेल्या पाण्यासाठी एक रिकामी बादली आणि माणशी एक स्वच्छ पंचा. माणशी अर्धा-पाऊण लिटर पाणी भरपूर होतं. पाणी किती गरम आहे ते धुणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर पाहावं, कारण मधुमेह असलेल्याला पायाला चटका कळेलच असं नाही. पायाला जखम असेल तर त्याचे हात धुवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

क्रम मात्र नीट ठरवा, कारण आपल्याकडे धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचं असतं. तरुण मुलाने पंचांचे पाय धुतले तर ते नेहमीसारखं मान देणंच झालं, नवीन काही घडलं नाही. योहान १३ मध्ये गुरू येशू शिष्यांचे पाय धुतो. म्हणून थोरल्याने धाकट्याचे, पाळकाने चर्च झाडणाऱ्याचे, मालकाने कामगाराचे धुवावेत. धाकटा 'नको काका, मला पाप लागेल' म्हणत पाय मागे घेणारच; पेत्रानेही नाही म्हटलं होतं. त्याला ८वं वचन ('मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही') वाचून दाखवा, पण तरीही नको म्हणाला तर ओढाताण करू नका.

मोबाइल दाराशी टोपलीत ठेवा. एक फोटो मंडळीच्या ग्रुपवर गेला की पुढच्या वर्षी पाय धुवायला इस्त्रीचे सदरे घालून येतात. धुताना कोणी बोलू नये. हवं तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन पेटीशिवाय, हळू आवाजात म्हणा.

शेवटची दहा मिनिटं

प्रत्येकाने आठवड्यात कोणालाही न सांगता एक काम करायचं, मत्तय ६:१-४ मधल्या गुप्त दानाप्रमाणे: घरातला संडास घासणं, कोणाची फी भरणं, ज्याच्याशी अबोला आहे त्याची क्षमा मागणं. पुढच्या बैठकीत 'केलं का?' असं विचारू नका आणि त्यावर साक्ष (सगळ्यांपुढे अनुभव सांगणं) घेऊ नका. उत्साही संचालकाकडून नेमकं हेच होतं, आणि गुप्त कामाची यादी तयार होते. पुढचं संचालन कोणाकडे, हे निघण्यापूर्वी चिठ्ठी टाकून ठरवा. आज ज्याने केलं त्याचं नाव डब्यात टाकू नका.