लांबच्या राइडला हात बधिर होतात? आधी कुठलं बोट ते बघा

तास-दीड तास गाडी चालवली की हाताला मुंग्या, मग बोटं बधिर, मग ब्रेक नक्की किती दाबलाय तेच कळेना, हे बऱ्याच जणांना होतं आणि त्यावर पहिला उपाय म्हणून लोक जेल ग्रिप नाहीतर जाड पॅडिंगचे ग्लोव्हज मागवतात. ते घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, पण ते सगळ्यात शेवटी घ्या. आधी हातात नक्की काय दाबलं जातंय ते शोधा, कारण दहातल्या बऱ्याच गोष्टी अॅलन की (बोल्ट फिरवायचा षटकोनी पाना) आणि बसायची पद्धत बदलून सुटतात, फुकटात.

शोधायचं कसं, तर पुढच्या वेळी हात बधिर झाला की नुसता झटकून पुढे जाऊ नका, बाजूला थांबा, ग्लोव्ह काढा आणि एकेक बोट चाचपून बघा.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर असेल तर अल्नर नावाची नस दाबली जातेय. ही कोपराच्या आतल्या बाजूने येते (कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच ही) आणि तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला जो मांसल भाग आहे तिथून बोटांकडे जाते. हँडलवर अंगाचा भार टाकून बसलात की नेमका तोच भाग ग्रिपवर टेकतो. याउलट अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील तर ती मीडियन नस, ती मनगटातल्या कार्पल टनेलमधून जाते, आणि त्या बोळात ती एकटी नसते, बोटं मिटवणारे ९ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) पण तिथूनच जातात. त्यामुळे मनगट वाकवून वर घट्ट मूठ आवळली की आत जागाच उरत नाही, आणि बाइकवर आपण तासन्‌तास नेमकं तेच करत असतो.

सगळा हात मोजा घातल्यासारखा सरसकट बधिर होत असेल, तेही दोन्ही हात, तर मग व्हायब्रेशन, थंडी किंवा घट्ट ग्लोव्हज. सोबत मान, खांदा पण दुखत असेल तर पाठीवरची जड सॅक आधी काढा आणि गाडीला बांधा, पट्टे खांद्यापाशी दाब देत असतात. आणि फक्त उजवा हात की फक्त डावा हे पण लक्षात ठेवा, उजवा म्हणजे थ्रॉटल (अॅक्सिलरेटर), डावा म्हणजे क्लच, यातच अर्धा तपास संपतो.

आता बसण्याबद्दल, कारण माझ्या मते मूळ दुखणं इथेच आहे. हँडल गाडी वळवायला आहे, अंग पेलायला नाही. एक साधी टेस्ट करा, मोकळ्या सरळ रस्त्यावर एका वेगाने जाताना कोपरं पंखासारखी वरखाली हलवून बघा. सहज हलली तर ठीक. हलवताना हँडल पण हलायला लागलं किंवा तुम्ही पुढे कलंडायला लागलात तर समजा भार हातावर आहे. तो काढायचा तर गुडघ्यांनी टाकी धरायची, मांड्या टाकीला टेकवायच्या, पोट थोडं आवळायचं आणि कंबरेतून पुढे झुकायचं. खांद्यातून पोक काढून झुकलात तर सगळं वजन मनगटावर येतं. ब्रेक मारताना तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तेव्हा अंग आपोआप पुढे फेकलं जातं आणि गुडघ्यांनी धरलं नसेल तर ते तळहातावर आदळतं. टाकी गुळगुळीत असेल आणि पँट घसरत असेल तर टाकीच्या बाजूला लावायचे रबरी ग्रिप पॅड मिळतात, दिसायला काही खास नाहीत पण ग्रिप बदलण्यापेक्षा यावर खर्च करा असं मी म्हणेन.

सीट पुढे उतरती असेल तर तुम्ही सारखे टाकीकडे घसरता आणि हाताने स्वतःला मागे ढकलत राहता, हे लक्षातही येत नाही. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते सेटिंग) खूप वाढवून ठेवला असेल तरी गाडीचं शेपूट वर येऊन तेच होतं. सामान उतरवल्यावर प्रीलोड परत कमी करायचा राहून जातो, तेवढं बघा.

वारा हा पण एक छुपा कार्यक्रम आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे सरळ बसायच्या गाडीवर जोरात चाललात की वारा छातीला मागे ढकलतो आणि तुम्ही हँडलला लटकून बसता, मूठ आपोआप आवळते. पुढे वाकायच्या स्पोर्ट्स बाइकवर बरोबर उलटं, हायवेला वारा छातीला उचलून धरतो म्हणून बरं वाटतं आणि ट्रॅफिकमध्ये हळू चालताना मनगटं मरतात. पहिल्या गाडीला छोटी विंडस्क्रीन किंवा १० किमी कमी वेग, दुसऱ्या गाडीला गुडघे आणि पोट, असा हिशेब.

पकड किती घट्ट हवी? हातात जिवंत चिमणी धरलीय असं समजा, उडून जाऊ नये आणि गुदमरूही नये, एवढीच. रस्ता खराब असला तरी एवढीच, खरं तर तेव्हा अजून सैल, कारण हँडलला थोडं हलायला वाव दिला की गाडी स्वतःच सरळ होते, तुम्ही दाबून धरलं की प्रत्येक खड्डा थेट खांद्यापर्यंत पोचतो. हे सांगायला सोपं आहे पण टेन्शनमध्ये मूठ आवळतेच, म्हणून एक सवय लावून घ्या, दर थोड्या वेळाने एखादा साइनबोर्ड दिसला की खांदे खाली सोडायचे, कोपरं थोडी वाकवायची, बोटं सैल करायची. कोपरं ताठ असतील तर पकड सैल होऊच शकत नाही, करून बघा.

आता अॅलन की काढा. गाडी मेन स्टँडवर लावा किंवा कुणालातरी धरायला सांगा, नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात ग्रिपवर ठेवा आणि बोटं सरळ पुढे ताणा. बाजूने बघणाऱ्याला कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे आणि बोटं थेट लिव्हरवर पडली पाहिजेत. बऱ्याच गाड्यांवर लिव्हर जास्त वर असतात, मग क्लच किंवा ब्रेकला हात घालताना प्रत्येक वेळी मनगट मागे मोडतं, आणि ब्रेकवर दोन बोटं ठेवून चालवायची सवय असेल तर ते पूर्ण वेळ मोडलेलंच राहतं. लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू थोडे सैल करा, लिव्हर किंचित खाली फिरवा, परत बसून बघा, जमलं की स्क्रू टाइट. आरसे त्याच क्लॅम्पला असतील तर ते पण परत सेट करावे लागतील. ब्रेकच्या बाजूला ऑइलची डबी हँडलवरच असते, ती फार तिरकी होणार नाही एवढं सांभाळा. उभं राहून चालवणाऱ्या ऑफ-रोडवाल्यांचं सेटिंग वेगळं असतं, त्यांचं बघून कॉपी करू नका.

लिव्हर ग्रिपपासून किती लांब आहे ते पण बघा. हात लहान असेल आणि लिव्हरला पोचायला बोटं ताणावी लागत असतील तर काही लिव्हरना अंतर बदलायचं चाक असतं, नसेल तर तसा अॅडजस्टेबल लिव्हर मिळतो. पूर्ण हँडलच क्लॅम्पमध्ये थोडं मागे फिरवता येतं किंवा रायझर (हँडलखाली बसवायचे उंचवटे) लावून उंच करता येतं, फक्त त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. केबल किंवा ब्रेकचा पाइप ताणला जाता कामा नये, आणि इंजिन चालू ठेवून वळवताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आपोआप वाढता कामा नये. वाढला तर थ्रॉटल केबल ओढली जातेय, तशी गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

डाव्या हातवाल्यांनी क्लच केबल बघा. जड क्लच म्हणजे बहुतेक वेळा सुकलेली किंवा आतून तुटत आलेली केबल, तेल सोडा, नाहीतर बदला, लिव्हरच्या पिव्हटला पण थोडं ग्रीस. फ्री प्ले, म्हणजे क्लच लागायच्या आधी लिव्हर जेवढा मोकळा हलतो तो, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच ठेवा. आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहणं सोडा ना राव, न्यूट्रल कशासाठी दिलाय.

उजव्या हाताचं थोडं वेगळं आहे. आपण थ्रॉटल बंद असताना मूठ धरतो, मग हायवेला तो उघडतो तेव्हा मनगट खाली वाकतं आणि तसंच तासभर राहतं. उलटं करा, धरतानाच मनगट थोडं वर ठेवून मूठ पुढून धरा, म्हणजे तुमच्या नेहमीच्या वेगाला थ्रॉटल उघडल्यावर मनगट सरळ येईल. मूठ ग्रिपला काटकोनात धरू नका, स्क्रूड्रायव्हर धरतो तशी थोडी तिरकी धरा, कोपर किंचित बाहेर. याने तळहाताच्या मुळावरचा दाब पण कमी होतो. थ्रॉटलवर बसवायची प्लॅस्टिकची पट्टी मिळते, तिच्यावर तळहात टेकवून थ्रॉटल धरून ठेवता येतो, बोटांना खरंच आराम मिळतो, पण गर्दीत किंवा यू-टर्नला चुकून दाबली गेली तर गाडी उसळते, म्हणून शहर आलं की ती फिरवून बाजूला करा.

व्हायब्रेशन. सिंगल सिलिंडर गाडी थोडी थरथरणारच, पण प्रत्येक गाडीचा एक ठरावीक आरपीएमचा पट्टा असतो जिथे हँडल सगळ्यात जास्त झिणझिणतं, आणि नेमका तुमचा आवडता वेग त्या पट्ट्यात बसत असेल तर ग्रिप कितीही बदला, हात बधिर होणारच. ५ किमी वर किंवा खाली जा, नाहीतर गिअर बदला. यातूनच अजून एक गोष्ट कळते, वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनाची, नाही बदलली तर चाक, टायर यांच्याकडे बघा. जुनी गाडी अचानक जास्त थरथरायला लागली तर तो हाताचा प्रश्नच नाही, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, हँडलचे रबर बुश, चेन, टायरची हवा, व्हील बॅलन्सिंग हे सगळं मेकॅनिककडून बघून घ्या.

हे सगळं नीट असेल तर मग वस्तू. हँडलच्या टोकाचे बार एंड (टोकाला बसवायची वजनं) जड लावले की हँडलची थरथर वेगळ्या आरपीएमला सरकते, म्हणजे ती संपते असं नाही, तुमच्या वेगापासून लांब गेली की काम झालं. फोमचं कव्हर किंवा जेल ग्रिप थरथर थोडी खाते पण ग्रिप जाड होते, मोठ्या हाताला ते आवडतं, लहान हाताला उलट जास्त आवळावं लागतं. ग्लोव्हजचं पण तेच, जाड पॅडिंग म्हणजे चांगलं असं काही नाही. घेताना हात सरळ ठेवून बघू नका, मूठ वळवून बघा, तळहातात शिवण किंवा अस्तराची घडी टोचतेय का, बोटांच्या बेचक्यात ताण येतोय का, मनगटाचा पट्टा आवळतोय का. जॅकेटची बाही ग्लोव्हच्या आत कोंबल्यावर मनगटाला काच पडत असेल तर तेवढ्यानेही मुंग्या येतात. अंगठी काढून ठेवा, घड्याळही.

थंडीत रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, त्यात वारा. हँडगार्ड लावा, वारा अडला की बराच फरक पडतो, गरम होणारे ग्रिप असतील तर उत्तमच. फक्त एकावर एक दोन ग्लोव्हज घालून हात कोंबू नका, आवळल्याने अजून गार पडतात. छाती आणि पोट गरम ठेवलं तर हातही जास्त वेळ गरम राहतात, म्हणून जॅकेटच्या आतला थर पण तेवढाच महत्त्वाचा.

चालवताना डावा हात सरळ मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ खाली सोडून बोटं उघडमिट करता येतात, खाली लोंबता ठेवला की रक्त पण उतरतं. उजव्याला तशी सोय नाही, त्याची बोटं एकेक करून सैल करा, पकडायची जागा थोडी बदला. आणि मुंग्या यायच्या आधी थांबा, तासाभराने पाच मिनिटं. एकदा बधिर झाल्यावर थांबलात तर पुढच्या वेळी अजून लवकर येतात, हे सगळ्या लांब चालवणाऱ्यांना माहीत आहे. थांबल्यावर हात समोर सरळ धरा, पंजा वर करून दुसऱ्या हाताने बोटं हळू मागे ओढा, २० सेकंद, मग पंजा खाली वाकवून तेवढंच, मग खांदे गोल फिरवा. दुखेपर्यंत ओढायचं नाही. ब्रेक किती दाबला जातोय हे बोटांना कळत नसेल तर तेव्हा पुढे जायचंच नाही, हात पूर्ण जागा होईपर्यंत थांबा, पोचायला उशीर झाला तर होऊ दे.

राइड संपल्यावर मुंग्या थोड्या वेळात जात असतील तर वरचं पुरे. पण दुसऱ्या दिवशीही बोटं बधिर आहेत, रात्री हात बधिर होऊन झोपमोड होतेय, हातातून वस्तू निसटतायत, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खपाटीला गेल्यासारखा दिसतोय, किंवा गारठ्यात बोटं पांढरीफटक पडतायत, यातलं काहीही असेल तर ग्रिप-बिप बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. डायबेटिस, थायरॉइड, बी १२ ची कमतरता यांनीही हातापायाला मुंग्या येतात, बाइक फक्त निमित्त असते. दिवसभर ड्रिल-ग्राइंडर हातात असणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये, त्यांच्या हाताला कामावर आधीच भरपूर थरथर मिळालेली असते. डॉक्टरला नुसतं ‘हात बधिर होतो’ सांगू नका, कुठली बोटं, कुठला हात, किती वेळाने सुरू होतं, किती वेळ राहतं हे सांगा. गरज वाटली तर ते नसांची तपासणी करायला सांगतील, त्यात नस मनगटात दाबली जातेय की कोपरात ते बहुतेक कळतं, आणि मग लिव्हर खाली करायचा की कोपराची पोझिशन बदलायची हे पण तुम्हाला नेमकं ठरवता येतं.