गुडघ्याच्या वाटीतील सौम्य गाठ : निदानाची वाट कशी धरावी

गुडघ्याच्या वाटीच्या हाडात गाठ होणे दुर्मीळ आहे आणि म्हणूनच ती उशिरा सापडते. गुडघा पुढून दुखतो, जिना उतरताना जास्त दुखतो, एवढ्या तक्रारीवरून वाटीमागची कूर्चा मऊ झाल्याचे निदान होते आणि रुग्ण महिनोन्‌महिने व्यायामावर व वेदनाशामक गोळ्यांवर राहतो. जे दुखणे योग्य उपचारांनीही हटत नाही, विश्रांती घेताना किंवा रात्री जाणवते, किंवा वाटीच्या एकाच जागी बोटाने दाबल्यावर नेमके उमटते, त्यासाठी एक्स-रे काढायलाच हवा. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेसोबत गुडघा वाकवून स्कायलाइन एक्स-रेही (वाटी व मांडीच्या हाडामधली फट दाखवणारे चित्र) घ्यावा, कारण समोरच्या चित्रात वाटीवर मांडीच्या हाडाची सावली पडते आणि गाठीमुळे हाडात झालेली लहानशी पोकळी तीत सहज हरवते.

चित्र वाचण्यापूर्वी रुग्णाचे वय पाहावे. वाटी हे सेसमॉइड (स्नायूच्या कंडरेत बसलेले) हाड असले तरी गाठींच्या बाबतीत ते लांब हाडाच्या टोकासारखे वागते. त्यामुळे हाडांच्या टोकांशी होणाऱ्या गाठीच येथे प्रामुख्याने आढळतात. वय साधारण 10 ते 25 असेल, पोकळीची कड रेखीव व पांढरी असेल आणि आत कॅल्शियमचे बारीक ठिपके असतील, तर कॉन्ड्रोब्लास्टोमाचा (कूर्चेच्या पेशींपासून होणाऱ्या सौम्य गाठीचा) विचार आधी करावा. हाडांची वाढ पूर्ण झालेल्या, 20 ते 40 वयाच्या रुग्णात पांढरी कड नसलेली, सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली पोकळी दिसली, तर जायंट सेल ट्यूमरचा (मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी असलेल्या गाठीचा) संशय घ्यावा. चाळिशीनंतर मात्र दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) वगळल्याशिवाय ‘सौम्य’ हा शब्द वापरू नये.

सर्वांत जास्त फसगत वाटीच्या वरच्या बाहेरील कोपऱ्यात होते. तेथे दिसणारी गोल, रेखीव कडेची पोकळी ही अनेकदा डॉर्सल डिफेक्ट म्हणजे वाढीतील निव्वळ वेगळेपणा असतो, आणि दुभंगलेली वाटीही (वाढताना हाडाचे भाग न जुळल्याने राहिलेली) त्याच कोपऱ्यात आढळते. दोन्ही गोष्टी कधी कधी दोन्ही गुडघ्यांत असतात, म्हणून दुसऱ्या गुडघ्याचा एक्स-रे अवश्य काढावा. त्या एका साध्या चित्राने अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते. गाउट (युरिक अ‍ॅसिड साचून होणारा सांध्यांचा विकार), क्षयरोग, हाडातील जंतुसंसर्ग आणि पॅराथायरॉइड या गळ्यातील ग्रंथीच्या विकारात हाड झिजून होणारा ब्राउन ट्यूमर हेही गाठीचे रूप घेतात. त्यामुळे ईएसआर व सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), युरिक अ‍ॅसिड, कॅल्शियम, फॉस्फरस व पॅराथायरॉइड हार्मोन या तपासण्या कराव्यात. ब्राउन ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली जायंट सेल ट्यूमरसारखाच दिसत असल्याने रक्तातील कॅल्शियम पाहणे विसरू नये.

सीटीवर हाडाचे पातळ झालेले कवच, आतील कॅल्शियम आणि ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या लहान सौम्य गाठीचा छोटासा गाभा उत्तम दिसतो. गाठ हाडाबाहेर किंवा सांध्यात शिरली आहे का, हे एमआरआय सांगतो. एमआरआयमध्ये द्रवाचे एकावर एक थर दिसले, की अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट (हाडातील रक्ताने भरलेली पोकळी) असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण असे थर कॉन्ड्रोब्लास्टोमा, जायंट सेल ट्यूमर आणि क्वचित घातक गाठीतही असतात, तेव्हा आतील घट्ट भाग शोधून बायोप्सीचा (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा) नमुना तेथूनच घ्यावा.

बायोप्सी सर्व स्कॅन झाल्यावरच करावी, आणि पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच तिचा मार्ग ठरवावा. वाटी त्वचेलगतच असल्याने सुई पुढून, सांध्याची पोकळी टाळून आणि नंतरच्या शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेत घालता येते. नमुन्याचा एक भाग जंतू व क्षयरोगाच्या कल्चरसाठी (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवावा, आणि नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला एक्स-रेसुद्धा द्यावेत. निदान जायंट सेल ट्यूमर किंवा कॉन्ड्रोब्लास्टोमा असे आले, तर छातीचेही चित्र काढावे, कारण सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या या दोन्ही गाठी क्वचित फुप्फुसात पोचतात.