सालामांकात शिकायला गेल्यावर पहिल्या महिन्यात बस्तान कसं बसवावं

स्पेनमधल्या सालामांकात कुणाला भेटायचं ठरलं की ठिकाण वेगळं सांगावं लागत नाही. ‘घड्याळाखाली’ म्हटलं की पुरे. प्लाथा मायोर या मोठ्या चौकात घड्याळाखाली संध्याकाळी निम्मं गाव कुणाची ना कुणाची वाट बघत उभं असतं. इथलं विद्यापीठ १२१८ मधलं. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण नेब्रिखा या भाषापंडितानं १४९२ मध्ये याच गावात छापलं. त्यामुळे भाषा शिकायला जगभरातून मुलं इथे येतात. मी इथे दोन वर्षं काढली. आता दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, की आमची मुलगी निघाली आहे, तिला चार गोष्टी सांग. तिला जे सांगते तेच इथे लिहिते आहे, ज्या क्रमानं ते अंगावर येतं त्या क्रमानं.

आधी पत्ता, मग बाकी सगळं

भारतातून फोटो बघून खोलीचे पैसे भरू नका. पहिले आठ-दहा दिवस वसतिगृहात किंवा प्रवाशांसाठीच्या साध्या हॉस्टेलात राहा आणि पायी फिरून खोली शोधा. विद्यापीठातल्या फलकांवर ‘से आल्किला आबितासियोन’, म्हणजे खोली भाड्यानं देणे आहे, अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. बहुतेक विद्यार्थी तीन-चार जणांत एक फ्लॅट घेतात.

खोली बघताना दोन प्रश्न विचाराच. पहिला, लेखी करार मिळेल का आणि या पत्त्यावर माझी नगरपालिकेत नोंद करू द्याल का? दुसरा, कालेफाक्सियोन, म्हणजे घर गरम ठेवण्याची व्यवस्था, भाड्यात धरली आहे का? सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, आणि हा खर्च वेगळा असेल तर स्वस्त वाटलेली खोली महाग पडते.

पहिल्या प्रश्नावर पुढची सगळी साखळी लटकलेली आहे. करार आणि पासपोर्ट घेऊन आयुंतामिएन्तोत, म्हणजे नगरपालिकेत जायचं आणि रहिवासी म्हणून नाव नोंदवायचं. याला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात. तो दाखला हातात आला की परदेशी विद्यार्थ्याच्या ओळखपत्राचा अर्ज करता येतो. या कार्डाला सगळे ‘तिए’ म्हणतात. तुमचा व्हिसा सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर स्पेनमध्ये आल्यापासून एका महिन्याच्या आत हा अर्ज करायचा असतो. ‘ई-एक्स १७’ हा फॉर्म, ‘७९०’ क्रमांकाच्या फॉर्मवर बँकेत भरलेली फी, फोटो, पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र आणि नगरपालिकेचा दाखला एवढं लागतं. बोटांचे ठसे राष्ट्रीय पोलिसांच्या कार्यालयात घेतात. तिथली वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, आणि अडतं ते इथेच. म्हणून खोली मिळायची वाट न बघता, पोहोचल्या दिवसापासूनच वेळ मिळते का ते बघत राहा. ठसे दिल्यावर मिळणारी पावती जपून ठेवा. कार्ड हातात येईपर्यंत तोच तुमचा पुरावा.

मराठी माणसाला इथे एक खास अडचण येते. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं आणि एक आईचं. फॉर्मवर दोन रकाने असतात आणि आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं नाव, बघून समोरचा कारकून तेच पहिलं आडनाव म्हणून लिहितो. माझं एका ठिकाणी असंच झालं, आणि नंतर बँकेतलं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळेना. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात जे आहे ते सगळं नावातच लिहा, आडनाव एकच द्या आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. कागद हातात आल्यावर खिडकीसमोरून हलण्याआधी वाचून बघा.

आणि इमारतीच्या दारात खाली जी टपालपेटी असते, तिच्यावर त्याच दिवशी आपलं नाव चिकटवा. नाव नसेल तर महत्त्वाची पत्रं परत जाऊ शकतात.

पोटाला त्यांच्या घड्याळाची सवय लावा

स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. १९४० मध्ये देशाची वेळ मध्य युरोपाशी जुळवली आणि ती तशीच राहिली. म्हणून जूनमध्ये सालामांकात सूर्य मावळायला जवळजवळ दहा वाजतात आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेआठलाही बहुधा सूर्य उगवलेला नसतो. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. मधल्या काळात, साधारण दोन ते पाच, छोटी दुकानं बंद असतात. रविवारी तर बहुतेक सगळंच बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

बारा वाजता भूक लागत असेल तर घरी जेवायला बसू नका, अकराच्या सुमाराला सगळे खातात तसं खा. कॉफी आणि टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव. मग दोनपर्यंत निभतं. वर्गातल्या गप्पा आणि ओळखी याच पावावर होतात. आपल्या वेळेनं एकटंच जेवणारी मुलं महिनाभर एकटीच राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

स्वयंपाकघर

इथे मात्र तुमचं नशीब थोर आहे. सालामांकाच्या उत्तरेला लागूनच ला आर्मुन्या नावाचा भाग आहे आणि तिथला मसूर स्पेनभर नावाजलेला आहे. शेजारच्या सामोरा प्रांतातल्या फुएन्तेसाउकोचे काबुली चणेही तसेच. दुकानात ‘लेन्तेखा पार्दिना’ लिहिलेला बारीक तपकिरी मसूर घ्या, तो आपल्या अख्ख्या मसुरासारखा शिजतो. ‘आरीना दे गार्बान्थो’ म्हणजे बेसन, ‘कोमीनो’ म्हणजे जिरं, ‘कुर्कुमा’ म्हणजे हळद. पोळ्यांना नुसती ‘इन्तेग्राल’ कणीक घेतली तर कोंडा फार निघतो आणि पोळी तुटते. ती अर्धी आणि साधं गव्हाचं पीठ अर्धं असं मळा. तिखटाऐवजी ‘पिमेन्तोन’ मिळतं. त्यातलं ‘पिकान्ते’ घ्या, ‘दुल्थे’ला फक्त रंग असतो. ला बेरा भागातलं पिमेन्तोन ओकच्या धुरावर वाळवलेलं असल्यामुळे भरीत त्यानं फार छान होतं.

कुकर आणायचा असेल तर स्टीलचा आणा. बऱ्याच घरांत इंडक्शन असतं आणि ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. फोडणी देण्याआधी वरचा धूर ओढणारा पंखा लावा आणि घरातल्या मुलांना एकदा जेवायला बोलवा. वासाबद्दलची कुरकुर त्यानंतर मी ऐकली नाही.

कपडे धुण्याचं यंत्र शनिवार-रविवारी किंवा रात्री बारानंतर लावा. वेळेनुसार दर बदलणारी जोडणी असेल तर तेव्हा वीज सर्वांत स्वस्त असते. कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा सर्वांत महाग.

शाकाहारी असाल तर बाहेर खाताना ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘कार्ने’चा अर्थ मांस, पण अनेकांच्या मनात तो फक्त गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा. हामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे त्यात धरतच नाहीत. मसुराच्या आमटीत सॉसेज असतं, ‘भाजीचं सँडविच’ म्हणून येतं त्यात टूना मासा असतो. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा: ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे मांस नको, हामोन नको, टूना नको. बटाट्याची तोर्तिया, गाथपाचो म्हणजे टोमॅटोचं गार सूप, तळलेल्या पाद्रोन मिरच्या हे बहुधा सुरक्षित, फक्त तोर्तियात अंडं असतं. गावाचा अभिमान असलेला ओर्नाथो, म्हणजे सारण भरून भाजलेला पाव, मात्र डुकराच्या मांसानं भरलेला असतो.

बोलताना इंग्रजीवरून वळसा घालू नका

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि तिथेच फसतो. ‘मे गुस्ता एल ते’ हे वाक्य इंग्रजीतून समजून घ्यायला वर्गातल्या अमेरिकन मुलांना आठवडे लागले. मराठीत ते सरळ ‘मला चहा आवडतो’ आहे. ‘मे गुस्तान लास नारांखास’ म्हणजे ‘मला संत्री आवडतात’. क्रियापद चहाप्रमाणे आणि संत्र्यांप्रमाणे बदलतं, दोन्ही भाषांत. ‘मे दुएलेन लोस पिएस’, माझे पाय दुखतात. त्याहून मला आवडतं ते ‘से मे आ काइदो एल बासो’. ‘मी ग्लास पाडला’ असं नाही, ‘माझ्या हातून ग्लास पडला’. हा भाव मराठीत पिढ्यान् पिढ्या आहे. रोज रात्री दिवसातली पाच वाक्यं मराठीत आठवा आणि तिथून थेट स्पॅनिशमध्ये न्या.

उच्चारांतही आपण पुढे आहोत. त्यांचा त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, क-प-त महाप्राण नाहीत. कष्ट घ्यायचे ते दोन गोष्टींवर: ‘पेरो’ (पण) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा) यांतला फरक, आणि ‘ग्राथियास’मधला थ. तो आपला थ नाही, जिभेचं टोक दातांच्या मध्ये येऊ द्या. शब्दही ओळखीचे भेटतील, कारण पोर्तुगीजांमुळे त्यांची भावंडं आपल्याकडे आधीच आलेली आहेत: पाव म्हणजे ‘पान’, साबण म्हणजे ‘खाबोन’, बटाटा म्हणजे ‘पाताता’. आणि ‘पगार’ तर जसाच्या तसा, फक्त स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पैसे देणे.

‘तू’ हा शब्दही दोन्हीकडे एकच. पण तो वापरताना आपली जीभ अडखळते, कारण स्पेनमध्ये प्राध्यापकांनाही विद्यार्थी ‘तू’ म्हणतात. तुम्ही ‘उस्तेद’नं, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’नं, सुरुवात करा, समोरचा स्वतःच ‘तू’ म्हण असं सांगेल. वयस्क घरमालकिणीला मात्र तिनं सांगेपर्यंत ‘उस्तेद’च.

भाजीबाजारात किंवा दवाखान्यात रांग दिसत नाही, माणसं इतस्ततः उभी असतात. आत शिरताना ‘एल उल्तिमो?’ असं मोठ्यानं विचारा. शेवटचा माणूस हात वर करतो, तुमचा नंबर त्याच्यानंतर. आणि कॉफी मागताना लांबलचक विनंत्या नकोत. ‘मे पोनेस उन काफे?’ हे ‘एक कॉफी देतोस का’ इतकंच साधं आणि तितकंच सभ्य आहे.

अभ्यास आणि घर

गुण दहापैकी मिळतात. पाचला उत्तीर्ण, सातला ‘नोताब्ले’, नऊला ‘सोब्रेसालिएन्ते’. साताला सत्तर टक्के समजून खचू नका, तो चांगला गुण आहे. निकालानंतर ‘रेबिसियोन’ची तारीख लागते, म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका प्राध्यापकांसमोर बसून बघता येते. नापास झालात तरच नव्हे, दर वेळी जा. कुठे चुकलो ते समोर बसून कळतं आणि प्राध्यापक तुम्हाला नावानं ओळखू लागतात.

घरी फोन करायची माझी वेळ दुपारी चारची होती. दुकानं बंद, रस्ते शांत, फ्लॅटमधली मुलं झोपलेली. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणजे घरी रात्रीचे साडेआठ, आईचं स्वयंपाकघर आवरत आलेलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि फरक साडेतीन तासांचा होतो. ते आईला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर फोन रोजच्यापेक्षा तासभर आधी वाजतो आणि ती काळजीत पडते.