ओव्हल ट्रॅकसाठी रेसकारची चॅसी कशी जुळवावी

ओव्हल ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते, म्हणून तिची चॅसी, म्हणजे चाके व स्प्रिंगांसह खालचा सांगाडा, मुद्दाम असमान ठेवलेली असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सव्हिलसारख्या ०.५२६ मैलांच्या, वळणांवर केवळ १२ अंश उतार असलेल्या ट्रॅकवर या जुळवणीचे महत्त्व विशेष जाणवते. पुढील पद्धत मागे अखंड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) असलेल्या स्टॉक कारसाठी, म्हणजे साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या रेसकारसाठी आहे.

प्रथम गाडीचे वजन करावे. समतल जागेवर चार काट्यांवर चारही चाके ठेवावीत, टायरमधील हवा ठरलेल्या दाबाची असावी, चालक आसनावर बसलेला असावा आणि अँटी-रोल बार (वळताना गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) एका बाजूने सोडलेला असावा. यातले काहीही राहिले तर पुढचे सारे आकडे फसवे ठरतात. समजा, पुढचे डावे चाक ३७०, पुढचे उजवे २९०, मागचे डावे ३७० आणि मागचे उजवे २७० किलो भार दाखवते. एकूण १,३०० किलोंपैकी पुढचे उजवे आणि मागचे डावे यांची बेरीज ६६०, म्हणजे सुमारे ५०.८ टक्के, यालाच क्रॉस वेट किंवा वेज म्हणतात. मागच्या डाव्या स्प्रिंगचा स्क्रू आवळला की या दोन चाकांवरचा भार वाढतो आणि उरलेल्या दोहोंवरचा कमी होतो. मात्र डाव्या बाजूच्या किंवा मागच्या एकूण वजनात फरक पडत नाही. प्रत्येक चाकावर ५ किलोंचा फरक पडला तरी वेज ५१.५ टक्क्यांवर जाते आणि गाडी टाइट होते, म्हणजे पुढची चाके बाहेर घसरून ती पुरेशी वळत नाही. वेज कमी केल्यास गाडी लूज होते आणि मागची बाजू बाहेर सुटू पाहते.

त्यानंतर फितीने मागच्या दोन्ही टायरचे घेर मोजावेत. उजव्याचा घेर जास्त असतो. या फरकाला स्टॅगर म्हणतात आणि तो वाढवल्यास गाडी अधिक सहज वळते. मागचा पॅनहार्ड बार (अॅक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) वर उचलल्यासही गाडी लूज होण्याकडे झुकते.

आता ट्रॅकवर काही फेऱ्या मारून, गाडी थांबताच प्रत्येक टायरच्या आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला सुईचा तापमापक रुतवून तापमान मोजावे. मध्यभाग जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे. पुढच्या उजव्या टायरची आतली कडच फार तापत असेल तर ऋण कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या भागाचा आतल्या बाजूचा कल, जास्त आहे. पुढचा उजवा टायर मागच्या उजव्यापेक्षा बराच गरम असेल, तर गाडी टाइट असल्याचे ते लक्षण आहे.

चालकाची तक्रार ऐकताना मात्र सर्वाधिक सावध राहावे. वळणातून बाहेर पडताना गाडी लूज होते असे तो सांगत असला, तरी पुष्कळदा दोष वळणाच्या मध्यातच असतो: तेथे टाइट असलेली गाडी वळवण्यासाठी तो स्टीअरिंग अधिकाधिक फिरवतो आणि अॅक्सिलरेटर दाबताच मागची बाजू झटकन सुटते. अशा वेळी वेज वाढवणे म्हणजे मूळ दोषात भर घालणे होय. आधी वळणाच्या मध्यातला गाडीचा टाइटपणा कमी करावा.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो ट्रॅकच्या तापमानासह वहीत नोंदवावा. शर्यत सुरू असतानाही थोडी दुरुस्ती शक्य असते. नॅसकार या अमेरिकी स्टॉक कार शर्यतींमध्ये पिट स्टॉपदरम्यान (शर्यतीत टायर-इंधनासाठी घेतलेल्या थांब्यात) मेकॅनिक मागच्या काचेतील छिद्रातून लांब पाना घालून वेजचा स्क्रू फिरवतात.